कडकनाथचा वाण घरी कसा राखावा?

वाचकाचे पत्र : मी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात एका पाड्यावर राहते. माझ्या सासूबाईंचे माहेर मध्य प्रदेशातील अलीराजपूरकडचे आहे. त्यांच्या लहानपणी तिकडे घरोघर असणाऱ्या कालीमासी, म्हणजे कडकनाथ कोंबड्या आता अस्सल स्वरूपात फार थोड्या घरी दिसतात, म्हणून तो वाण आपल्या घरी राखावा अशी त्यांची आणि माझी इच्छा आहे. गेल्या वर्षी बाजारात आलेल्या एका विक्रेत्याकडून ‘शंभर टक्के कडकनाथ’ म्हणून चाळीस पिल्ले घेतली. त्यांतली एकतीस जगली. तलंगा, म्हणजे तरुण माद्या, सगळ्या काळ्या निघाल्या, पण नरांपैकी सहांचे तुरे लालभडक झाले आणि त्यांच्या पायाच्या नळ्याही फिक्या आहेत. काही पक्ष्यांच्या मानेवर रुपेरी रेघा आहेत. अंडी काळी नसून फिक्या बदामी रंगाची आहेत. हे सहा नर काढून टाकले आणि सर्वांत काळा कोंबडा ठेवला, तर पुढे वाण शुद्ध राहील का? पाड्यावरचे गावरान कोंबडे आमच्या कोंबड्यांत मिसळतात, त्यांना कसे आवरावे? आमच्या कोंबड्या अंडी उबवायला खुडूक बसत नाहीत. एक एजंट ‘आम्हीच पिल्ले देऊ, आम्हीच पक्षी परत घेऊ’ असे सांगत फिरत आहे. मालकांना ते पटले आहे. आणि इंदलच्या पूजेत देवाला कोंबडा द्यायचा झाला की घरातील सर्वांत उमदा काळा कोंबडाच मागितला जातो, त्याचे काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची नोंद तुम्ही जाता जाता केली आहे. तलंगा सगळ्या काळ्या निघाल्या आणि फिकेपणा फक्त नरांत आला, असे तुम्ही लिहिता. ही विभागणी योगायोगाने होत नाही. तुम्हाला मिळालेल्या पिल्लांपैकी बरीचशी पिल्ले कडकनाथ कोंबडा आणि फिक्या पायांची गावरान किंवा संकरित कोंबडी यांच्यापासून झालेली असावीत, असा माझा स्पष्ट तर्क आहे, आणि त्यामागचे कारण तुम्ही नीट समजून घ्यावे असे मला वाटते, कारण वाण राखण्याचे तुमचे पुढचे सारे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

कडकनाथच्या कातडीपासून थेट हाडांवरच्या आवरणापर्यंत पसरलेला काळेपणा एका प्रबळ आनुवंशिक बदलामुळे येतो. चीनमधील सिल्की आणि इंडोनेशियातील अयाम चेमानी या काळ्या मांसाच्या जातींतही हाच बदल सापडतो. तो प्रबळ असल्यामुळे आई-बापांपैकी एकाकडूनच आला तरी पिल्लू काळे होऊ शकते. मात्र या काळेपणाच्या आड येणारा दुसरा एक गुण आहे. तो कातडीच्या आतल्या थरात काळे रंगद्रव्य साचू देत नाही. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत हा अडथळा सहसा असतो, कडकनाथमध्ये नसतो, आणि तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो. पक्ष्यांमध्ये मादी पिल्लाला हे गुणसूत्र फक्त बापाकडून मिळते, तर नर पिल्लाला ते आई आणि बाप या दोघांकडून एकेक मिळते. त्यामुळे बाप कडकनाथ आणि आई फिक्या पायांची असली, तर मुली बापासारख्या काळ्याभोर निघतात आणि मुलांमध्ये मात्र आईकडचा अडथळा उतरून त्यांचा तुरा, कातडी आणि पाय फिके पडतात. इंग्लंडमधील बेटसन आणि पुनेट या शास्त्रज्ञांनी सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकरातून हेच पाहिले होते आणि १९११ साली ते प्रसिद्धही केले होते.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की ते सहा नर काढून टाकल्याने काम होणार नाही. ज्या कोंबड्यांच्या पोटी ते नर झाले, त्याच कोंबड्यांच्या मुली तुमच्या खुराड्यात काळ्याभोर रंगाने वावरत आहेत, आणि त्यांच्या अंगातही निम्मे रक्त बाहेरचेच आहे. सगळ्याच तलंगा अशा असतील असे नाही. चाळीस पिल्ले एकाच कोंबडीची नसणार, त्यामुळे काहींची आई खरी कडकनाथ असू शकते. पण कोणती तलंग कोणाची, हे आता डोळ्यांनी ओळखता येणार नाही. उलट संकर काळसर पायांच्या गावरान कोंबडीशी झाला असता, तर नर आणि माद्या सगळेच काळे निघाले असते आणि तुम्हाला संशयही आला नसता. आज आपल्याकडे कडकनाथ या नावाने विकले जाणारे पक्षी गावोगाव मिळतात; वाणाचे कडकनाथ दुर्मीळ झाले आहेत ते याच वाटेने.

मानेवरच्या रुपेरी रेघांबद्दल मात्र काळजी करू नका. कडकनाथमध्ये पूर्ण काळा, मान व पिसांवर पांढरट रेघा असलेला आणि सोनेरी छटेचा असे तीन प्रकार परंपरेने आहेत आणि तिन्ही अस्सल आहेत. बाजाराला फक्त काळाकुट्ट पक्षी हवा असतो, म्हणून पाळणारे बाकीचे दोन प्रकार मागे टाकतात. माझ्या मते हे या वाणाचे आज होत असलेले सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे नुकसान आहे. तसेच, पूर्ण वयात आलेल्या अस्सल नराच्या जांभळट तुऱ्यातही थोडी लाली दिसू शकते. केवळ तेवढ्यावरून त्याला बाद करू नये. पंखाखालची पिसे बाजूला सारून उघडी कातडी पाहावी, चोच उघडून जीभ आणि टाळू पाहावे, पायाचे तळवे पाहावेत. हे सगळे काळपट असेल तर तुऱ्यातील लाली क्षम्य आहे. तुमच्या सहा नरांप्रमाणे तुरा लालभडक आणि त्यासोबत नळ्याही फिक्या असतील तर नाही. अंड्यांचा रंग फिका बदामी किंवा मलईसारखाच असतो. काळे अंडे कडकनाथ घालत नाही.

आता पुढचे. सध्याचे पक्षी टाकून देऊ नका, ते घरच्या अंड्यांसाठी आणि विक्रीसाठी चांगलेच आहेत; फक्त त्यांची अंडी उबवून त्या पिल्लांना कडकनाथ म्हणू नका. वाणासाठी नवे पक्षी आणावेत, आणि या बाबतीत तुमच्याइतकी सोयीची स्थिती महाराष्ट्रात फार थोड्यांची आहे. झाबुआ, अलीराजपूर आणि धार हा कडकनाथचा मूळ प्रदेश आहे, भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी तो पिढ्यान्पिढ्या सांभाळला आहे, आणि तुमच्या सासूबाईंचे माहेर तिथेच आहे. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रातही कडकनाथची पिल्ले तयार केली जातात. तिथून काही पक्षी आणि सासूबाईंच्या ओळखीने एकमेकांपासून दूर असलेल्या दोन गावांतून काही पक्षी, असे तीन ठिकाणांहून आणावेत. गावातून घेताना पिल्ले न घेता मोठे पक्षी घ्या, आणि शक्य असेल तिथे त्यांची आई आणि भावंडेही पाहून घ्या. सासूबाईंना सोबत न्यावे. त्या घरात आणखी कोणत्या रंगाच्या कोंबड्या फिरतात, गेल्या काही वर्षांत गिरिराज किंवा वनराजा या सुधारित जातींची पिल्ले वाटली गेली होती का, हे प्रश्न त्या ज्या सहजतेने विचारतील तसे तुम्हाला किंवा मला विचारता येणार नाहीत. इज्जतनगरच्या केंद्रीय संस्थेने कडकनाथच्या संकरातून तयार केलेली ‘कॅरी श्यामा’ ही जातही काही ठिकाणी दिसते. ती अधिक अंडी देते आणि परसातील पालनासाठी उत्तम आहे, परंतु ती कडकनाथ नव्हे आणि तुमच्या कामाची नाही.

एखाद्या कोंबड्याविषयी शंका राहिलीच, तर त्याची एक परीक्षा घरच्या घरी घेता येते. त्याला काळसर नळ्यांच्या पण पांढऱ्या कातडीच्या साध्या गावरान कोंबड्यांसोबत ठेवा आणि त्यांची सात-आठ पिल्ले मोठी होऊ द्या. एकाही पिल्लाच्या पंखाखालची कातडी पांढरी निघाली, तर त्या कोंबड्याने काळेपणा एकाच पालकाकडून घेतलेला आहे आणि तो वाणाला नको. सातही काळी निघाली, तर तो या एका गुणापुरता खरा आहे असे समजायला हरकत नाही, कारण मिश्र कोंबड्याची सलग सात पिल्ले काळी निघण्याची शक्यता १२८ मध्ये एक इतकी थोडी असते. अर्थात या परीक्षेतून काळेपणा कळतो, संपूर्ण वाण कळत नाही, आणि त्यातून झालेली पिल्ले स्वयंपाकघरासाठीच ठेवावीत.

सर्वांत काळा एकच कोंबडा ठेवण्याचा तुमचा विचार मात्र मला मुळीच पटलेला नाही, आणि अस्सल पक्षी आणल्यानंतर तर तो पूर्णपणे सोडून द्यावा. खुराड्यात दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असला, की पुढच्या पिढीतील प्रत्येक पिल्लू एकाच बापाचे असते, त्याच्या पुढच्या पिढीत भाऊ-बहिणींचे मीलन होते, आणि कोंबड्या दहा असोत की पन्नास, त्याने फारसा फरक पडत नाही. पशुपैदाशीच्या हिशोबाने एक कोंबडा आणि दहा कोंबड्यांच्या कळपात आप्तसंकर, म्हणजे जवळच्या नात्यातील संकर, दर पिढीला सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. तोच कळप सहा कोंबडे आणि चोवीस कोंबड्यांचा असेल, तर ही वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास येते. आप्तसंकराचे परिणाम पहिल्या वर्षी दिसत नाहीत. दोन-तीन पिढ्यांनी अंडी पोकळ निघू लागतात, पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच मरते, बोटे वाकडी होतात, साध्या आजाराने पक्षी दगावतात, आणि मग पाळणारा म्हणतो की कडकनाथ मुळातच नाजूक असतो. तो नाजूक नाही. त्याला तसे केले जाते.

तीस पक्षी म्हणजे आज तुमच्याकडे आहेत जवळजवळ तेवढेच, तेव्हा खर्च वाढण्याचा प्रश्न नाही. त्यांचे तीन गट करावेत, प्रत्येकात दोन कोंबडे आणि आठ कोंबड्या, आणि प्रत्येक गट ज्या गावाहून आला त्याच गावाच्या नावाने ओळखावा. माद्या पिल्ले मोठी झाली की आपल्या आईच्याच गटात राहतील. नर पिल्ले मात्र दर वेळी पुढच्या गटात जातील, पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. एवढा एक नियम पाळला तर सख्ख्या भावंडांची जोडी कधीच लागत नाही आणि बाहेरून रक्त आणण्याची गरज पुष्कळ वर्षे पडत नाही. एकाच गटातील दोन कोंबडे झुंजत असतील तर एकाला वेगळे ठेवून दर महिन्याला त्यांची अदलाबदल करावी. ओळखीसाठी मोठ्या पक्ष्यांच्या पायात तीन रंगांची प्लास्टिकची कडी घालावीत. पिल्लांच्या पायात कडी टिकत नाहीत, म्हणून अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच पायाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला ठरलेल्या जागी बारीक छिद्र पाडतात: एका गटाचे उजव्या पायाला, दुसऱ्याचे डाव्या, तिसऱ्याचे दोन्ही पायांना. यासाठी लहानसे पंच मिळते, आणि पिल्लाला होणारा त्रास क्षणभराचा असतो. एका वहीत कोणत्या गटाची किती अंडी बसवली, किती उबली आणि किती पिल्ले दोन महिन्यांपर्यंत जगली, एवढे लिहिले तरी पुरे. कोणत्या गटात बिघाड सुरू झाला आहे, हे त्या आकड्यांतून वर्षभर आधी कळते.

पुढच्या पिढीसाठी पक्षी निवडताना सर्वांत वजनदार किंवा सर्वांत काळा एवढीच कसोटी लावू नका. कडकनाथचा नर साधारण दीड ते दोन किलोचा आणि मादी त्याहून हलकी असते. यापेक्षा बराच थोराड पक्षी दिसला, तर आनंद मानण्याआधी त्याच्या वंशाची चौकशी करावी. त्याला जेमतेम एक-सव्वा किलोपर्यंत वाढायला पाच-सहा महिने लागतात, तर ब्रॉयलर दोन किलोचा व्हायला सहा आठवडेही पुरतात. हा संथपणा या वाणाचा स्वभाव आहे, तो निवडीने घालवला तर उरेल ते काळ्या रंगाचे ब्रॉयलर. घारीची सावली पडताच झुडपात शिरणारी, स्वतः चरून पोट भरणारी आणि दोन पावसाळे काढलेली कोंबडी रंगाने थोडी डावी असली तरी तिची अंडी आधी बसवावीत. चांगल्या कोंबड्यांना तीन वर्षे तरी ठेवा. दरवर्षी सगळा कळप बदलण्याची घाई केली की पिढ्या भराभर उलटतात आणि आप्तसंकरही तितक्याच वेगाने साचतो.

गावरान कोंबड्यांच्या सरमिसळीवर वर्षभर कोंडून ठेवणे हा उपाय नाही, कारण कोंडलेल्या पक्ष्यांचे खाद्य विकत घ्यावे लागते आणि कडकनाथला ते मानवतही नाही. पिल्ले काढण्याचा हंगाम ठरवून घ्यावा. तुमच्या भागात दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ योग्य आहे, कारण उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात आणि पावसाळ्यातील पिल्ले ओलीने मरतात. तेवढ्या काळात तिन्ही गट सहा फूट उंच जाळीच्या वेगवेगळ्या वाड्यांत ठेवा, वरूनही जाळे टाका, कारण हे पक्षी चांगले उडतात. मात्र येथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कोंबड्याशी एकदा संग झाला की कोंबडीच्या शरीरात त्याचे बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहते. त्यामुळे आज कोंबड्या वाड्यात घेतल्या आणि उद्यापासून अंडी उबवायला ठेवली, तर त्यांतून शेजारच्या तांबड्या कोंबड्याची पिल्ले निघू शकतात. वाडा बंद केल्यापासून पहिले तीन आठवडे येतील ती अंडी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी वापरावीत आणि चौथ्या आठवड्यापासूनची अंडी बसवावीत. हंगाम संपला की सगळ्यांना मोकळे सोडावे.

खुडूक न बसणे हा कडकनाथचा जुना दोष आहे. पिढ्यान्पिढ्या लोक त्यांची अंडी गावरान कोंबडीखालीच बसवत आले आहेत, तेव्हा सासूबाईंना विचाराल तर त्या हेच सांगतील. पाड्यावर खुडूक झालेली, अंगाने भरलेली गावरान कोंबडी पाहून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. कडकनाथची अंडी आकाराने लहान असतात, म्हणून बारा सहज झाकली जातात. तिला बसवण्याआधी तिच्या अंगातील उवा आणि पिसवा घालवून घ्याव्यात, अन्यथा ती एकवीस दिवस बसत नाही. जमवलेली अंडी धुऊ नयेत, टोकाची बाजू खाली करून घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत. सातव्या रात्री अंधारात अंड्याच्या रुंद बाजूला टॉर्च लावून पाहिले की ज्यात जीव धरला आहे त्यात मध्ये एक गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरांचे जाळे दिसते; नुसता पिवळसर उजेड दिसला तर ते अंडे पोकळ आहे. अशी अंडी काढून टाकावीत आणि वहीत गटाच्या नावापुढे लिहावीत. पुढे उबवणी यंत्र घेण्याचा विचार असेल, तर आधी तुमच्याकडच्या विजेच्या भरवशाचा विचार करा.

पिल्लांना पहिला महिनाभर चांगल्या प्रतीचे पिल्लांचे खाद्य द्यावे. त्यानंतर चरणे, मका-ज्वारीचे दाणे आणि वारुळातील वाळवी यांवर ती उत्तम वाढतात. शेंगदाण्याची पेंड देत असाल तर तिला बुरशीचा वास येत नाही ना, हे दर वेळी पाहावे, कारण बुरशीचे विष पिल्लांचे यकृत निकामी करते. याहून जास्त खाद्याच्या बाबतीत तुम्हाला सांगण्यासारखे काही नाही.

आजारांत खरी भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची आहे. कडकनाथला रोग होत नाही, ही समजूत पाळणाऱ्यांना महागात पडते; मानमोडी शिरली तर आठवड्याभरात खुराडे रिकामे होऊ शकते. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंब, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचे इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो; तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांकडून तो पक्का करून घ्यावा. लसीची सर्वांत लहान बाटलीही बहुधा शंभर मात्रांची येते आणि एकदा कालवल्यावर ती एक-दोन तासांतच वापरावी लागते, म्हणून पाड्यावरच्या सगळ्या घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा आणि बर्फ घातलेल्या थर्मासमधून लस आणावी. यात शेजाऱ्यांवर उपकार करण्याचा भाग थोडा आणि स्वार्थाचा जास्त आहे, कारण तुमच्या वाड्यात मानमोडी येणार ती त्यांच्याच कोंबड्यांतून. बाहेरून आणलेले नवे पक्षी किमान तीन आठवडे निराळे ठेवल्याशिवाय कळपात सोडू नयेत, आणि आणण्यापूर्वी त्या भागात बर्ड फ्लूमुळे वाहतूकबंदी नाही ना, याची खात्री करावी.

बर्ड फ्लूचा उल्लेख तुमच्या जिल्ह्यात वेगळा करायला नको. भारतातील त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातील नवापूरला झाली, आणि २०२१ साली तो तिथे पुन्हा आला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील निरोगी पक्षीही नष्ट करावे लागतात आणि तिथे वाण दुर्मीळ आहे म्हणून कोणाला सूट मिळत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पक्षी वाढले की प्रत्येक गटातील एक-दोन जोड्या दूरच्या गावातील विश्वासू नातेवाइकांकडे द्याव्यात, फुकट द्याव्या लागल्या तरी द्याव्यात. अट एवढीच घालावी की तुमच्याकडे कधी गरज पडली तर त्यांनी अंडी द्यायची. अलीराजपूरकडच्या ज्या घरांतून तुम्ही पक्षी आणाल, त्यांच्याशीही असाच करार होऊ शकतो.

एजंटच्या प्रस्तावाला नकार द्यावा, असे मी तुमच्या मालकांना आवर्जून सांगेन. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात नेमक्या याच धर्तीच्या कडकनाथ योजनांत शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याच्या तक्रारी झाल्या आणि गुन्हे दाखल झाले. पिल्ले तोच देणार, खाद्य तोच देणार आणि पक्षीही तोच घेणार, या व्यवहारात भाव ठरवणारा तिसरा कोणी नसतो. त्याने एक दिवस येणे बंद केले की खुराड्यात खाणारी तोंडे तेवढी उरतात. घरच्या पक्ष्यांची विक्री करताना दोन गोष्टी पाळाव्यात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते त्या भागाचे आहे, म्हणून ‘झाबुआ कडकनाथ’ असा फलक अक्राणीत लावू नये. दुसरे असे की या मांसात चरबी कमी आणि प्रथिने अधिक असतात एवढे सांगणे रास्त आहे, पण ते खाल्ल्याने मधुमेह किंवा हृदयविकार बरा होतो, असे गिऱ्हाइकाला सांगू नये, त्याने स्वतः तसे म्हटले तरी मान डोलावू नये.

राहिला इंदलचा कोंबडा. देवाला उमदा आणि काळाच पक्षी लागतो आणि तो नाकारावा असे मी सुचवणार नाही. या वाणाला इतकी वर्षे घरात जागा मिळाली, त्यात या पूजेचाही वाटा आहे. अडचण देण्याची नसून ऐनवेळी निवड करण्याची आहे. गटातील सहा कोंबडे आणि त्यांच्या जागी पुढे येणारे सहा, अशा बारा जणांच्या पायात कडी घालून ते वाणाचे म्हणून दसऱ्याच्या आधीच घरात सर्वांसमक्ष ठरवून टाकावेत, आणि त्याच पिढीतील दोन-तीन चांगले काळे नर बिनकड्याचे, खास इंदलसाठी म्हणून वाढवावेत. बारा जणांत कोण असावे, हे वही पाहून तुम्ही ठरवा. इंदलसाठी कोण वाढवावा, हे मात्र सासूबाईंनाच ठरवू द्या, म्हणजे घरात त्यावर कोणी वाद घालणार नाही.